ढब्बू खात का नव्हता: विक्रोळीतल्या एका भेकाचं प्रकरण

३० मे २०२५, शुक्रवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन आला. "मॅडम, तुम्ही जरा येता का? ढब्बूला झटके येताहेत." आवाज रडवेला होता. मुलगी नववीत जाणारी, कन्नमवार नगरात आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून खिडकीतून पडलेल्या पोपटापासून न्हाणीघरातल्या गोमेपर्यंत काहीही निघालं की आसपासची मंडळी मला हाक मारतात. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात त्या फरकाला महत्त्व आहे.

ढब्बू हा भेक. बोलताना आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. पुस्तकात याला भेक म्हणतात आणि पाळणारी मुलं टोड. कोरडी, खरबरीत, काळ्या टोकांच्या फोडांनी भरलेली कातडी, डोळ्यांवरून नाकाकडे गेलेल्या काळ्या कडा, डोळ्यांमागे शेंगदाण्याएवढ्या फुगीर विषग्रंथी. डटाफ्रायनस मेलानोस्टिक्टस हे त्याचं शास्त्रीय नाव. मुंबईत पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसलेला जो दिसतो तोच हा, परदेशातून आणलेला वगैरे नाही.

रानातला जीव घरात आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्या घरातही बोलून दाखवलं होतं. पण ढब्बूची गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत सोसायटीच्या गेटपाशी एका मोटारसायकलचं चाक त्याच्या पुढच्या उजव्या पायावरून गेलं. मुलीने त्याला पुठ्ठ्यावर उचलून घरी आणलं. जखम भरली, पण पाय कोपरापासून खाली गेला. राहिलेल्या थोट्यावर तो चालतो, उडी मारताना एका बाजूला कलंडतो. असा प्राणी रस्त्यालगत सोडण्यात अर्थ नव्हता. क्रॉफर्ड मार्केटमधून अडीच फुटी काचेची टाकी आली, तिच्यात माती, नारळाच्या किशीचा थर, उलटी ठेवलेली अर्धी कुंडी आणि पाण्याची बशी. गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे ऊन येत नाही तिथे.

घरच्यांनी सांगितलेलं

मी पोचले तेव्हा आई, आजी आणि मुलगी तिघीही एकदम बोलत होत्या. मी वहीत जसं आलं तसं उतरवून घेतलं. तो दहा-बारा दिवस नीट खात नाही. किडा समोर ठेवला की टक लावून बघतो आणि मग मागच्या पायाला झटके येतात. परवा उचलला तर ओरडला, चिक्-चिक्-चिक् असा, आणि त्याचं सगळं अंग थरथरलं. दोन वर्षांत कधी आवाज काढला नव्हता. रात्री काचेवर चढायचा प्रयत्न करतो, धडपडतो. दिवसभर पाण्याच्या बशीत बसून असतो. आणि मुलीने मोबाइलवर टिपलेलं एक दृश्य: ढब्बू पाठीला पोक काढून तोंड उघडतोय, मिटतोय, पुढच्या पायाने स्वतःच्या डोक्यावरून काहीतरी ओढतोय आणि गिळतोय.

कारणं प्रत्येकीची वेगळी. आईचा रोख धुरावर होता. बुधवारी, २८ तारखेला, डासांसाठी धूर मारून गेले होते आणि गॅलरीची खिडकी उघडी राहिली होती. आजींना वाटत होतं की तो रुसलाय. मुलीचा मोठा भाऊ महिनाभरापूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला, रोज रात्री ढब्बूला खायला तोच घालायचा. मुलीला फक्त भीती वाटत होती.

मीही माझं कारण मनात ठरवून टाकलं. त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला होता. नेहमीची तारीख ११ जून धरतात, म्हणजे पंधरवडाभर आधी. सोमवारच्या त्या पावसापासून पलीकडच्या बांधकामाच्या खड्ड्यात रात्रभर भेकांचा घोष चालू होता. टाकीतल्या नराने तो ऐकला, त्याचा हंगाम सुरू झाला, खाण्यावरचं लक्ष उडालं. इतकं सरळ वाटलं.

जे घाबरण्यासारखं नव्हतं

माझ्या अंदाजातला बराचसा भाग बरोबर होता, म्हणून तो आधी सांगते.

ओरडणं. भेकांच्या विणीच्या दिवसांत नर समोर येईल त्याला मिठी मारतो, दुसऱ्या नरालासुद्धा. मिठीत सापडलेला नर मग 'मी मादी नाही, सोड' असं सांगणारा तुटक आवाज काढतो आणि अंग थरथरवतो. मुलगी एरवी त्याला ओंजळीत घ्यायची. त्या दिवशी मात्र घाबरून तिने त्याला दोन्ही बगलांत बोटं घालून धरलं, अगदी जिथे दुसरा नर धरील तिथे. मी तिला त्याचा गळा दाखवला, पिवळसर झालेला, आणि धड असलेल्या हाताच्या आतल्या बोटांवरचे काळपट खरखरीत पट्टे. दोन वर्षांत घरात कुणालाच हा नर की मादी हे माहीत नव्हतं.

काचेवर चढणंही त्याच हंगामाचं. बाहेर नर ओरडत असताना आतला नर स्वस्थ बसला असता तर मला जास्त नवल वाटलं असतं.

स्वतःला गिळण्याचं ते दृश्य म्हणजे कात टाकणं. भेक आपली जुनी कातडी मोज्यासारखी ओढून काढतो आणि खाऊन टाकतो, त्यातला ऐवज फुकट घालवत नाही. ते बघताना पोटात कालवतं हे खरं, पण ते निरोगी भेकाचंच काम आहे.

पाण्यात बसण्याबद्दल मात्र मी थोडी साशंक होते. भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या, मांड्यांमधल्या पातळ कातडीतून ते आत घेतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं. बशी सकाळी नळाला पाणी आलं की नळाखालीच भरली जायची, म्हणजे क्लोरीनसकट. रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलेलं पाणी वापरा, एवढं मी सांगितलं. मेअखेरचा उकाडा, कात टाकायच्या आधीची तयारी, यांतलं काहीही कारण असू शकलं असतं.

आता झटके. मी समोर बसले असताना मुलीने एक मीलवर्म, म्हणजे बाजारात मिळणारी अळी, टाकला. ढब्बूने मान वळवली, दोन पावलं पुढे आला, आणि त्याच्या मागच्या पायाचं सगळ्यांत लांब बोट टकटक हलू लागलं, टेबलावर बोट वाजवत बसलेल्या माणसासारखं. बाकी अंग स्तब्ध. मी अळीवर वाटी पालथी घातली, बोट थांबलं. वाटी उचलली, बोट पुन्हा सुरू. कीटकनाशकाचे झटके असे नसतात. ते किडा दिसण्या-न दिसण्यावर अवलंबून नसतात, ते सगळ्या अंगाला येतात, प्राणी पाय ताणतो, उलटा पडतो. भेकाचं हे बोट हलणं शिकारीच्या तयारीचं आहे, बऱ्याच जातींत दिसतं. मी तिघींना हसून सांगितलं की हे तर चांगलं लक्षण आहे, हंगाम सरला की खाईल, थोडे दिवस थांबा.

आणि घरी आले. त्या क्षणी प्रश्न माझ्यासमोर उभा होता आणि मी तो विचारला नाही. हंगामामुळे ज्याचं खाण्यावरून मन उडालंय, त्याचं बोट किडा बघून हलेल कशाला?

कागदाची पट्टी

सहा दिवस गेले. ५ जूनला मुलीचा निरोप आला, अजून खात नाही, पाठीची हाडं दिसायला लागली आहेत. या वेळी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला. डब्यासकट वजन करून डबा वजा केला, ४१ ग्रॅम. डब्यातून परत उचलताना ढब्बूने मुलीच्या हातावर लघवी केली, आणि पुन्हा काट्यावर ठेवला तर ३६. भेक मूत्राशयात पाणी साठवून ठेवतो, कोरड्या दिवसांची बेगमी म्हणून, आणि घाबरला की सोडून देतो. म्हणजे काट्यावरचा आकडाही एकदम खरा मानण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून आम्ही रीत ठरवली: अर्धा तास पाण्यात बसवायचा, हलक्या हाताने कोरडा करायचा, मग वजन. त्या हिशेबाने ३९ भरलं. आदल्या दिवाळीत शाळेच्या प्रकल्पासाठी मुलीने केलेली नोंद होती ५२ ग्रॅम. पाव वजन गेलं होतं. हे एका पंधरवड्यात होत नाही.

(हातावर लघवी झाल्यावर आजी लगबगीने साबण घेऊन आल्या, चामखीळ उठेल म्हणून. चामखीळ माणसाच्या विषाणूमुळे येते, भेकामुळे नाही. पण साबणाने हात धुवायचा आग्रह त्यांनी सोडू नये असंच मी म्हटलं, कारण डोळ्यांमागच्या ग्रंथींतलं विष हाताला लागून डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं. बिल्डिंगमधल्या कुत्र्यांना तर त्याच्या वाऱ्यालाही उभं करू नये. भेक तोंडात धरलेलं कुत्रं दगावूही शकतं.)

भूक आहे की नाही, हे आधी ठरवायचं होतं. यॉर्ग-पीटर एवर्ट या जर्मन संशोधकाचे भेकांवरचे प्रयोग मी वर्गात शिकवते. लांबट पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने सरकवली तर भेकाला ती अळी वाटते आणि तो तिच्यामागे वळतो. तीच पट्टी उभी धरून तशीच सरकवली तर तो दुर्लक्ष करतो, किंवा दबकतो. डोळ्यांनी काय पाहिलं ते भक्ष्य आहे की नाही, याची निवड त्याच्या मेंदूत अशी होते. मी काळ्या कागदाची चार सेंटिमीटरची पट्टी कापली, काडीला चिकटवली आणि टाकीच्या बाहेरून, काचेला लागून, आडवी सरकवली.

ढब्बू तत्क्षणी वळला. पट्टीमागे चार पावलं आला, थोट्यावर कलंडत, बोट टकटकवत, आणि काचेवर जिभेचा फटका मारला. काचेवर ओल उमटली. पट्टी उभी केली, तो थांबला. आडवी केली, पुन्हा फटका. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच.

त्याला भूक होती, कडाडून होती. रुसलाय, उदास आहे, हंगामात आहे, ही सगळी वाक्यं तिथेच गळून पडली. तो खात नव्हता असं नाही, त्याला खाता येत नव्हतं.

मग मी मुलीला तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: किडा टाकल्यावर किड्याचं काय होतं? ती विचारात पडली. "तो जीभ मारतो. पण किडा तिथेच असतो. मग तो पुढे जाऊन तोंडानेच उचलतो, कुत्र्यासारखा. कधी जमतं, कधी नाही." कधीपासून? "मार्चपासून असेल. दादा म्हणायचा, बघ, ढब्बू नवीन खेळ शिकला." दादाच्या फोनवर त्या खेळाचे तीन व्हिडिओ होते, पाठवलेही होते सगळ्या नातेवाइकांना.

घरचे ज्याला झटके म्हणून घाबरले ती भूक होती, आणि ज्याचं कौतुक केलं तो आजार होता. या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त चटका लावून गेलेली गोष्ट हीच आहे.

संथ गतीतला व्हिडिओ

दुसऱ्या दिवशी, ६ जूनला, मुलीच्या आईचा फोन संथ गतीच्या चित्रणावर लावून टाकीच्या बाजूला पुस्तकांच्या आधाराने उभा केला. एक-एक करून रातकिडे सोडले. भेकाची जीभ खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला जोडलेली असते, ती बाहेर उलटते आणि परत येते. नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ चमकल्यासारखी दिसते, बाकी काही कळत नाही. सावकाश चालवून पाहिल्यावर कळलं.

अकरा फटके. आठ वेळा जीभ रातकिड्याच्या पाठीवर नेमकी बसली. किडा दाबला गेला, जीभ मागे गेली, किडा जागेवरच. दोन वेळा किडा जिभेबरोबर अर्धा सेंटिमीटर ओढला गेला आणि सुटला. एकदा नेम चुकला. पकडलेले शून्य.

या एका मिनिटाच्या चित्रणाने बऱ्याच शंका बाजूला काढल्या. नजर अधू असती तर अंतराचा अंदाज चुकला असता, फटके पुढे-मागे पडले असते. कॅल्शियमअभावी जबड्याची हाडं मऊ झाली असती तर तोंड उघडण्यातच वाकडेपणा दिसला असता, आणि तो तोंडाने अळी उचलू शकला नसता. नेम बरोबर, पोच बरोबर, ताकद बरोबर. चिकटपणा नव्हता.

चिकटपणा येतो जिभेच्या पृष्ठभागावरच्या बुळबुळीत स्रावातून. तो स्राव करणाऱ्या पेशी धड राहायला अ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की त्या पेशींच्या जागी कोरड्या, नखासारख्या घट्ट पेशींचा थर येतो. वैद्यकात त्याला स्क्वॅमस मेटाप्लेसिया म्हणतात. अमेरिकेतल्या वायोमिंग टोड या नामशेष होण्याच्या टोकाला गेलेल्या जातीचे प्राणी पैदास केंद्रांत ठेवले होते, त्यांच्यात हा विकार दिसला. जीभ आखूड पडते असं बघणाऱ्यांना वाटायचं, म्हणून त्याला आखूड जिभेचा विकार असंच नाव पडलं. मी हे वाचलेलं होतं. वाचलेलं आणि समोरचं यांची गाठ पडायला मला आठवडा लागला.

मग आहाराची चौकशी केली आणि सगळे धागे जुळले. पहिलं वर्षभर ढब्बू सोसायटीच्या आवारातलं खायचा: झुरळाची पिल्लं, पतंग, गांडुळं, वाळवी, नाकतोडे. मोकळा भेक असंच मिळेल ते, पंचवीस प्रकारचं खातो. मग पुनर्विकासाचं काम शेजारी सुरू झालं, आवारातली माती गेली, तिथे पेव्हर ब्लॉक बसले. किडे मिळेनासे झाले. घरातल्या झुरळांसाठी जेल लावलेलं, त्यामुळे ती द्यायची सोय नाही. सप्टेंबरपासून ढब्बू फक्त मीलवर्म खात होता, पक्ष्यांसाठी मिळतात ते, गव्हाच्या कोंड्यात वाढवलेले. त्यांच्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. यकृतातला साठा काही महिने पुरतो, म्हणून त्रास लगेच दिसत नाही. सप्टेंबरला माती गेली आणि मार्चला जीभ.

डॉक्टरांकडे

तीन फोन करावे लागले. बहुतेक ठिकाणी कुत्री-मांजरीच बघतात, आणि त्यात चूक काही नाही. शेवटी पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरांनी ९ जूनची, सोमवारची वेळ दिली. हवेला भोकं पाडलेला डबा, तळाला ओला रुमाल, आणि फोनमध्ये ते चित्रण. डॉक्टरांनी आधी चित्रण पाहिलं, दोनदा, आणि मगच प्राण्याला हात लावला. हातमोजे पावडर नसलेले, पाण्यात बुडवून ओले केलेले. जुन्या प्लास्टिक कार्डाची बारीक पट्टी कडेने सरकवून तोंड उघडलं. जिभेवर ओलसर चकाकी असायला हवी. तिथे पुढच्या भागात निस्तेज, पांढरट पापुद्रा दिसत होता. पापण्याही किंचित सुजलेल्या, ज्या माझ्या नजरेतून निसटल्या होत्या.

पक्कं निदान जिभेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं आणि जिवंत भेकावर ते करण्यात शहाणपण नाही, असं डॉक्टर म्हणाले. उपचार करायचे आणि उतार पडतो का ते पाहायचं, तेच निदान. अ जीवनसत्त्वाचे थेंब, त्यांनीच मोजून दिलेले. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. हे जीवनसत्त्व अंगातून सहज बाहेर पडत नाही, साठत जातं, आणि जास्त झालं तर तेही विषच ठरतं. चाळीस ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त म्हणजे बरंच जास्त. माणसांच्या कॅप्सूल फोडून घरी प्रयोग करू नये, एवढं हात जोडून सांगते.

जीभ सुधारेपर्यंत पोट भरायला हवं होतं. दर दोन दिवसांनी तोंड उघडून आत घास ठेवायचा. पहिल्यांदा डॉक्टरांच्या मदतनिसाने दाखवलं, दुसऱ्यांदा मी केलं, आणि तिसऱ्यांदा मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा हात थरथरतोय, मी करते." तिने कार्डाची पट्टी अलगद सरकवली, गांडुळाचा तुकडा जिभेमागे ठेवला आणि बोट हनुवटीखाली टेकवून थांबली. ढब्बूचे दोन्ही डोळे खाली गेले, डोक्यात रुतल्यासारखे, आणि घास उतरला. भेक डोळ्यांची बुबुळं आत ओढून घास मागे ढकलतो. आजींनी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. त्या दिवसानंतर गांडुळं शोधायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, कुंड्यांच्या तळातून, जिथे कधी औषध मारलेलं नाही अशा.

बाकी आहारही बदलला. रातकिड्यांना एक दिवस आधी गाजर, लाल भोपळा आणि पालेभाजी खायला घालून मग ते द्यायचे. पण बऱ्याच उभयचरांना भाजीतल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही, त्यामुळे नुसत्या गाजरावर भिस्त ठेवण्यासारखी नाही. डॉक्टरांनी दिलेली भुकटी आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच किड्यांवर भुरभुरायची. कॅल्शियमची वेगळी, कारण रातकिड्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी असतं. आज हाडं ठीक आहेत, उद्या नसतील. पावसाळी रात्री ट्यूबलाइटखाली पंख फुटलेली वाळवी जमते, तीही गॅलरीत पांढरी चादर लावून गोळा केली. धूर मारून गेल्यावर आठवडाभर मात्र बाहेरचं काही द्यायचं नाही, हा नियम आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

वहीतल्या नोंदी

मुलीने वहीत पाच रकाने पाडले: तारीख, दिलेले किडे, जिभेचे फटके, पकडलेले, वजन. मी हट्टाने एकच गोष्ट सांगितली होती, की "आज उदास वाटला" असलं काही लिहायचं नाही. काय केलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही.

१६ जूनला शाळा सुरू झाली त्या दिवशीची नोंद: फटके नऊ, पकडलेले शून्य, वजन ३८. २३ जून: फटके आठ, शून्य, ३९. ३० जून: फटके दहा, शून्य, ३९. या तीन आठवड्यांत घरचा धीर सुटत चालला होता. आई एकदा जिन्यात म्हणाल्या, "मॅडम, आपण उगाच त्याचे हाल तर करत नाही ना?" मला उत्तर देता आलं नाही. वजन घसरायचं थांबलंय, एवढंच मी दाखवू शकले.

या मधल्या काळात त्याला सोडून देण्याचा विषयही निघाला. पावसाळा आहे, बाहेर किडे आहेत, आपलं नशीब काढेल. मी विरोध केला. जीभ चालत नसलेला, तीन पायांचा प्राणी बाहेर उपाशी मरेल. बरा झाल्यावरही मला ते पटत नाही. ज्या जिवाने महिनोन्महिने बाजारातले किडे खाल्ले, दोन वर्षं क्रॉफर्ड मार्केटच्या टाकीत घालवली, तो काय रोग घेऊन बाहेर जाईल याची खात्री देता येत नाही. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवर आढळलेली आहे. शेजारच्या खड्ड्यात रात्रभर ओरडणाऱ्या नरांचाही विचार करायला हवा. ढब्बू राहील तोवर टाकीतच राहील, आणि त्याच्या जागी दुसरा आणायचा नाही, हे मुलीने स्वतःहून कबूल केलं.

७ जुलैच्या नोंदीत फटक्यांपुढे तिने कंसात लिहिलंय: "एक किडा तोंडापर्यंत आला, ओठावर सुटला." १० जुलै, गुरुवार: फटके सात, पकडलेले एक. तो आकडा तिने लाल पेनाने लिहिलाय आणि भोवती गोल काढलाय. रात्री साडेनऊला मला चित्रण आलं.

संथ गतीत ते असं दिसतं. रातकिडा टाकीच्या मधोमध. ढब्बू कुंडीतून निम्मा बाहेर, बोट टकटकतंय. जीभ सुटते, किड्याच्या पाठीवर पसरते, आणि या वेळी किडा तिच्याबरोबर उचलला जातो, सहाही पाय हवेत. तोंड मिटतं. एक लांब मागची तंगडी ओठाबाहेर राहिलेली, हलणारी. भेक अशा वेळी पुढच्या पायांनी ती आत कोंबतात. ढब्बूचा डावा हात वर येतो. त्याच वेळी उजवं थोटंही वर येतं, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच जोराने, जणू पुढे पंजा आहेच. डोळे खाली जातात. तंगडी आत.

२ ऑगस्टला वजन ४७ भरलं. फटके पाच, पकडलेले चार.